‘अ डेंजरस मेथड’ : एवढी वाट पाहिली, आणि आता काय बोलावं कळत नाही

अबोली७७

आधी निकाल सांगून टाकते. सिनेमा चांगला आहे आणि मी नाराज आहे.

(पुढे कथा उघड केली आहे. सगळा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहासच आहे, पण ज्यांना कोरी पाटी घेऊन बघायचाय त्यांनी इथेच थांबा.)

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि त्याचा स्विस शिष्य युंग यांच्या प्रकरणावर नीट सिनेमा निघावा, असं वाटणाऱ्यांना डेव्हिड क्रोननबर्गचं नाव ऐकल्यावर उकळ्या फुटणं साहजिक होतं. माणसाचं शरीर आणि त्याच्या डोक्यातली घाण यांच्या सीमेवर या दिग्दर्शकाने हयात घालवली आहे. पटकथा क्रिस्टोफर हॅम्प्टनची. युंग म्हणून मायकेल फासबेंडर, त्याची रुग्ण साबिना म्हणून कीरा नाइटली. फ्रॉइड आधी क्रिस्टॉफ वॉल्ट्झ करणार होता, तो दुसऱ्या सिनेमात गेला आणि व्हिगो मॉर्टेन्सन आला. २०११ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात सिनेमा दाखवल्यापासून परीक्षणं न वाचता कशीबशी कळ काढली होती.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी. १७ ऑगस्ट १९०४ ला झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात साबिना श्पीलराइन नावाची १८ वर्षांची मुलगी दाखल झाली. रशियातल्या रोस्तोव्हच्या श्रीमंत ज्यू घरातली. मध्येच हसायची, मध्येच रडायची, तोंड वेडंवाकडं करायची, जीभ बाहेर काढायची. बाप मारायचा, आणि त्या माराशी तिच्या मनात लाज आणि कामभावना यांचा विचित्र गुंता झालेला. तिच्यावर उपचार केले २९ वर्षांच्या कार्ल युंगने. व्हिएन्नाचा फ्रॉइड रुग्णाला बोलतं करून बरं करतो हे त्याने वाचलं होतं, भेट अजून व्हायची होती. १ जून १९०५ ला साबिना रुग्णालयातून बाहेर पडली. तोवर तिने झुरिकलाच वैद्यकीच्या अभ्यासाला प्रवेशही घेतला होता. पुढे डॉक्टर आणि ती एकमेकांत गुंतले, १९०९ मध्ये बोभाटा झाला, फ्रॉइडला त्यात ओढलं गेलं, आणि १९१३ च्या जानेवारीत फ्रॉइडने युंगला पत्र लिहून वैयक्तिक संबंध संपवले. सिनेमा एवढ्या नऊ-दहा वर्षांचा.

आता काय आवडलं. मॉर्टेन्सन! ओठात सिगार, आवाज कधी चढत नाही, आणि समोरच्याला दोन शब्दांत लहान करून टाकायची हातोटी. फ्रॉइड मिश्कील होता हे पुस्तकांत वाचलेलं असतं, पण डोळ्यांपुढे नेहमी तो दाढीवाला, कपाळाला आठ्या घातलेला फोटोच येतो. इथे तो पोरासोरांच्या गराड्यात जेवायला बसलेला, काटकसरीत संसार करणारा मध्यमवर्गीय ज्यू गृहस्थ आहे आणि समोरच्या श्रीमंत सासुरवाडीच्या स्विस जावईबापूंबद्दल, म्हणजे युंगबद्दल, त्याला जरा असूयाही आहे. अमेरिकेला निघालेल्या जहाजावर युंगची खोली वरच्या वर्गाची निघते, बायकोने आरक्षण केलेलं असतं. फ्रॉइडचा चेहरा तेव्हा पाहा. दोघांचं का फाटलं, हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं. कामप्रेरणा, गूढवाद वगैरे वाद नंतरचे.

बायको एमाला खुर्चीत बसवून युंग शब्द-साहचर्याची चाचणी घेतो, तो प्रसंगही असाच. तो एकेक शब्द उच्चारतो, तिने मनात येईल तो शब्द म्हणायचा. हात गॅल्व्हानोमीटरला (त्वचेतले बारीक विद्युतबदल टिपणाऱ्या यंत्राला) जोडलेले, आणि प्रतिसादाची वेळ टिपायला साबिना बसलेली. युंगच्या खऱ्याखुऱ्या संशोधनाची ही पद्धत होती. उत्तराला लागलेला उशीर हेच उत्तर. नवऱ्याबद्दल बायकोच्या मनात काय चाललंय ते यंत्र सांगतं आणि ते टिपून घेणारी मुलगी पुढे काय करणार आहे हे आपल्याला माहीत असतं.

मग नाराज का? कारण सिनेमा फार स्वच्छ आहे. पांढरेशुभ्र कपडे, आरशासारखं तळं, एकही सुरकुती नसलेली फ्रेम. ज्या कल्पनांनी तेव्हाच्या युरोपच्या दिवाणखान्यांत भूकंप झाला, त्या इथे चहाच्या पेल्यासोबत ठेवलेल्या बिस्किटांसारख्या येतात. क्रोननबर्गचे चाहते म्हणतील की तेच तर हवं होतं, वरून इस्त्री आणि आत खदखद. इस्त्री दिसली. खदखद मला साबिनाच्या पहिल्या दहा मिनिटांत दिसली, पुढे ती कमी कमीच होत गेली.

दुसरं म्हणजे पट्ट्याने मारण्याचे प्रसंग. युंग आणि साबिना यांच्यात शरीरसंबंध होता का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिच्या डायरीत ती ‘पोएझी’ म्हणजे कविता एवढाच शब्द वापरते, त्यात काय काय बसतं ते ठरवायला कुणीच जागेवर नाही. तो संबंध सिनेमाने दाखवला, ठीक. पण डॉक्टरने तिला फटके मारले याला कसलाच पुरावा नाही. आणि नेमका तोच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. नोव्हेंबर १९११ मध्ये व्हिएन्नातल्या मनोविश्लेषकांच्या बैठकीत साबिनाने आपला विचार मांडला आणि १९१२ मध्ये तो निबंध म्हणून छापून आला. नवं काही जन्माला यायचं तर जुन्याचा नाश त्यातच गुंफलेला असतो, म्हणून प्रजननाच्या प्रेरणेतच मोडून जाण्याची, विरघळण्याची ओढ आणि भीती असते, असं साधारण तिचं म्हणणं. आठ वर्षांनी फ्रॉइडने मृत्युप्रेरणेची कल्पना मांडली तेव्हा तळटिपेत तिचं ऋण मान्य केलं, पण तिचा निबंध आपल्याला पुरता उलगडला नाही असंही जोडलं. तळटीप! सिनेमात हा विचार दोन-तीन संवादांत येऊन जातो. पट्ट्याला जेवढा वेळ दिलाय, तेवढाही याला नाही.

तुमचं काय मत?

---

रातकिडा

म्हणजे ‘बोलून बरं करणे’ या पद्धतीवरच्या सिनेमात सगळे नुसते बोलतात अशी तक्रार आहे का? :)

---

अबोली७७

नाही हो. बोलतात ते आवडलंच. बोलून झाल्यावर काही होत नाही, ही तक्रार आहे.

---

तिसरी घंटा

अबोलीताई, लेख आवडला, पण बोलण्याबद्दल रातकिडा गमतीत म्हणाले त्यात तथ्य आहे. हा सिनेमा नाटकावरून आलाय. हॅम्प्टनने १९९० च्या दशकात ज्युलिया रॉबर्ट्ससाठी साबिनावर पटकथा लिहिली होती. ती बारगळली. मग त्याच विषयाचं नाटक केलं, ते २००२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झालं, युंग होता रेफ फाइन्स. त्या नाटकावरून पुन्हा पटकथा, आणि हा सिनेमा. शिवाय या सगळ्याला आधार जॉन कर यांच्या १९९३ च्या जाडजूड इतिहासग्रंथाचा. म्हणजे सिनेमा-नाटक-सिनेमा असा प्रवास झाला आणि प्रत्येक वळणावर काहीतरी गळलं. पहिल्या पटकथेच्या केंद्रस्थानी साबिना होती. आता मध्यभागी युंग आहे. पहिल्या दृश्यात तिची बग्गी येते, शेवटच्या दृश्यात मात्र तळ्याकाठी खुर्चीत बसलेला तो उरतो. कुणाची गोष्ट आहे ते तिथेच ठरलं.

नाटकाच्या बाजूने मात्र बोलणार. दोन माणसं, दोन खुर्च्या, एक बोलतो आणि दुसरा ऐकतो, हा रंगमंचाचा सगळ्यात जुना ऐवज. मनोविश्लेषणाला कॅमेऱ्यापेक्षा रंगमंच जवळचा. सिनेमातही सुरुवातीच्या उपचारांत युंग तिच्या पाठीमागे बसतो, ती समोर शून्यात बघत बोलते आणि आपल्याला दोघांचे चेहरे एकाच वेळी दिसतात, तर त्यांना एकमेकांचे दिसत नाहीत. ही नाटकवाल्याची युक्ती आहे आणि इथे झकास चालते. वाईट एवढंच वाटतं की ती लवकर सोडून दिली.

मॉर्टेन्सनबद्दल +१००.

---

लिमलेट

कीराचा तो जबडा!!! मला हसू आलं, माफ करा. एवढी ताणाताणी कुणी करतं का?

---

गोगलगाय

लिमलेट, करतात. मी मनोविकारशास्त्राची डॉक्टर आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं अवघड आहे.

साबिनाच्या रुग्णालयातल्या नोंदी आता छापून उपलब्ध आहेत. चेहऱ्याचे झटके, वेड्यावाकड्या मुद्रा, जीभ काढणं हे सगळं त्यात आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जातज्ज्ञ शार्को यांच्या काळात ‘हिस्टेरिया’च्या रुग्णांचे काढलेले फोटो पाहा, नाइटली मग सौम्य वाटेल. त्या काळात तो आजार अंगातून असाच बोलायचा. आज आमच्याकडे तसे रुग्ण क्वचित दिसतात, पण शरीराने मनाचं गाऱ्हाणं मांडणं संपलेलं नाही. हात लुळा पडतो, वाचा जाते, आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात. आपल्याला जबडा खटकतो, कारण सुंदर नटीने वेडं दिसताना सुद्धा सुंदर दिसावं अशी आपली सवय आहे. माझ्या मते सिनेमातलं सर्वांत धाडसी काम तेच आहे.

आता दुसरा मुद्दा. अबोली, तुझ्या पट्ट्याच्या तक्रारीशी सहमत, पण मला त्याहून जास्त राग वेगळ्या गोष्टीचा आहे. साबिनाच्या आईला एक निनावी पत्र गेलं, आईने युंगला विचारलं. त्यावर युंगने जे कळवलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. त्याचा आशय असा : मी तुमच्या मुलीकडून फी घेत नव्हतो, त्यामुळे डॉक्टराची बंधनं मला लागू नव्हती. मी डॉक्टरासारखंच वागावं असं वाटत असेल तर फी द्या. दर भेटीला दहा फ्रँक.

खऱ्या इतिहासातला खलनायकी क्षण म्हणाल तर हा. फटके नाहीत की चुंबनं नाहीत, एक सुसंस्कृत पत्र. आज कुठल्याही डॉक्टराने असं लिहिलं तर त्याची नोंदणी जाईल. तेव्हा नियमच नव्हते, हेही खरं. रुग्ण डॉक्टरावर जीव टाकते तेव्हा तो जीव खरं तर कुणा दुसऱ्यावर टाकलेला असतो, आणि डॉक्टराच्या मनातही तसंच उलट दिशेने घडतं, हे या प्रकरणाच्या आगीतूनच फ्रॉइडला ठळकपणे दिसलं. डॉक्टराच्या मनातल्या या ओढीची, म्हणजे प्रतिसंक्रमणाची, कल्पना त्याने १९०९-१० च्या सुमारास मांडली. म्हणजे आज आम्हाला शिकवतात त्या मर्यादांचा पाया एका मुलीच्या फरफटीवर घातला गेलाय. सिनेमाने हे धरलं असतं तर ‘धोकादायक पद्धत’ या नावाला अर्थ आला असता. धोका रुग्णाला होता, पुरुषांच्या मैत्रीला नव्हे.

---

ढगफुटी

सगळ्यांशी असहमत. :)

१) पुरावा नाही म्हणून दाखवायचं नाही, हा नियम लावला तर ऐतिहासिक सिनेमाच बंद करावे लागतील. क्रोननबर्ग इतिहास शिकवायला बसलेला नाही. साबिनाने लहानपणी जो अपमान सोसला, तोच ती स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अटींवर परत मागते. तिथे ती रुग्ण राहत नाही. मला ते प्रसंग तिला मोठं करणारे वाटले.

२) ‘फार स्वच्छ’ ही तर मुद्दाम केलेली गोष्ट आहे. ही माणसं अशीच होती. कडक कॉलर घालून दिवसभर लैंगिकतेवर बोलायची आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर जेवायची. चिखल दाखवला असता तर ते आपलं आजचं मन झालं असतं.

३) साबिनाचा विचार दोन-तीन संवादांत येतो म्हणता. मग काय, निबंध वाचून दाखवायचा का पडद्यावर? तिच्या शोधनिबंधावर फ्रॉइड तिच्याशी बरोबरीने बोलतो आणि पुढे तिला सांगतो की आपण ज्यू आहोत, ज्यूच राहणार. तो प्रसंग मला अख्ख्या सिनेमाचा कणा वाटला. १९१३ ची ती ओळ १९४२ पर्यंत, नाझींनी तिला मारलं तिथपर्यंत, जाऊन पोचते.

---

अबोली७७

ढगफुटी, तिसऱ्या मुद्द्याबद्दल अर्धं मान्य. तो प्रसंग खरोखर जबरदस्त आहे, आणि फ्रॉइडच्या तिला लिहिलेल्या पत्रांतही तोच सूर आहे. गंमत म्हणजे आधी तिने फ्रॉइडला पत्र लिहून मदत मागितली, तेव्हा त्याने युंगचीच बाजू सांभाळली होती. चळवळीला ज्यू नसलेला, तरुण, प्रतिष्ठित स्विस वारस हवा होता. तो हातचा जायला नको, म्हणून मुलीला गप्प बसवलं. युंगने जून १९०९ मध्ये कबुली दिल्यावर फ्रॉइडने तिची क्षमा मागितली खरी. पण वारस मात्र टिकवला, आणखी साडेतीन वर्षं. हा राजकीय हिशोब सिनेमात पुसट आहे.

पहिल्या मुद्द्यावर मी हलणार नाही. हयात नसलेल्या बाईच्या अंथरुणात काय घडलं हे ठरवताना, तिने स्वतः जे लिहून ठेवलंय त्याहून पुढे गेलात, तर निदान तिने लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींना तरी तेवढीच जागा द्या. १९०४ मध्येच रुग्णालयात तिने एक इच्छापत्र लिहिलं होतं : माझं दहन करा, रक्षेचा एक भाग शेतात पसरा, तिथे ओकचं झाड लावा आणि लिहा, ‘मीही एकदा माणूस होते. माझं नाव साबिना श्पीलराइन होतं.’ अठरा वर्षांची मुलगी. याच्यापुढे पट्टा काय घेऊन बसलात.

---

रातकिडा

हे माहीत नव्हतं. आता गंमत सुचत नाही.

---

झुरिकचा बाळ्या

झुरिकमध्ये राहतो म्हणून थोडी भर.

बुर्गहोल्झ्ली अजून आहे आणि चालू आहे. विद्यापीठाचं मनोरुग्णालय. १८७० ला उघडलं. टेकडीवर, आजूबाजूला झाडी. ऑईगेन ब्लॉयलर इथले संचालक होते, ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ मध्ये त्यांनीच काढला. सिनेमात ते दिसून न दिसल्यासारखे आहेत. अन्याय आहे हा, कारण रुग्णाजवळ बसा, त्याचं ऐका, ही शिस्त रुग्णालयात त्यांचीच होती. युंगला आयती जमीन मिळाली. आइन्स्टाइनचा धाकटा मुलगा एडुआर्ड पुढे इथेच रुग्ण होता, ती आणखी वेगळी कहाणी.

सिनेमातलं तळं मात्र झुरिकचं नाही! चित्रीकरण जर्मनीच्या बाजूला, कॉन्स्टन्स सरोवरावर झालंय. इथल्या माणसाला लगेच कळतं, डोंगर जागेवर नाहीत. युंगचं क्युसनाख्टचं घर खरोखर तळ्याला लागून आहे. एमाच्या माहेरच्या पैशावर बांधलेलं. ती तेव्हाच्या स्वित्झर्लंडमधल्या बड्या श्रीमंत घरातली, घड्याळांच्या कारखानदारांकडची. सारा गॅडनने ती भूमिका किती कमी शब्दांत केली आहे! नवऱ्याला शिडाची बोट भेट देते तेव्हा त्यात प्रेम, सूचना आणि मालकी असं सगळं आहे. मला विचाराल तर सिनेमातली सर्वांत हुशार व्यक्ती तीच.

---

तिसरी घंटा

बाळ्या, एमाबद्दल अगदी. आणि ती नुसती सोशिक बायको नव्हती. तिने फ्रॉइडला स्वतंत्रपणे पत्रं लिहिली, आपला नवरा आणि तुम्ही यांच्यात काय बिघडतंय ते त्याला स्पष्ट विचारलं, आणि नंतर स्वतःही विश्लेषक झाली.

---

लिमलेट

ऑटो ग्रॉसवर कुणीच बोलत नाही? व्हॅन्सां कॅसेल येतो आणि सिनेमात एकदम वारं शिरतं.

---

गोगलगाय

ग्रॉस खरा माणूस आहे, आणि सिनेमापेक्षा जास्त भन्नाट. बाप हान्स ग्रॉस हा आधुनिक गुन्हेशास्त्राचा जनक मानला जाणारा माणूस, प्राग विद्यापीठात त्याच्या व्याख्यानांना काफ्का बसायचा. आणि मुलगा मनोविश्लेषक, अराजकवादी, कोकेन आणि अफूच्या आहारी गेलेला, कुठलीही इच्छा दाबू नका असं म्हणणारा. १९०८ मध्ये फ्रॉइडने त्याला युंगकडे व्यसन सोडवायला पाठवलं. युंग त्याचं विश्लेषण करायचा आणि तो युंगचं. जूनमध्ये रुग्णालयाची भिंत ओलांडून पळाला. १९२० मध्ये बर्लिनला उपासमार आणि थंडीने खंगून गेला. सिनेमात तो युंगच्या कानात ‘कर, कर’ म्हणणारा सैतान म्हणून वापरलाय. सोय आहे ती लेखकाची : पुढे युंग जे करतो त्याची जबाबदारी थोडी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

---

जुना बाजार

जहाजावरच्या प्रसंगात फ्रॉइड म्हणतो ना, आपण त्यांच्यासाठी प्लेग घेऊन चाललोय हे त्यांना ठाऊक आहे का? ते वाक्य तो खरंच बोलला होता का, याला लेखी आधार नाही. लाकां या फ्रेंच विश्लेषकाने कित्येक वर्षांनी ते सांगितलं, आणि आपण ते युंगकडून ऐकलं म्हणाला. फ्रॉइडने किंवा युंगने कुठे लिहिलेलं नाही. पण इतकं छान आहे की कुणालाच सोडवत नाही. कपाटातून ‘काड्’ असा आवाज येतो आणि युंग म्हणतो आता परत येईल, तो प्रसंग मात्र युंगच्या आठवणींत आहे आणि फ्रॉइडच्या पत्रातही. १९०९ चा.

अवांतर : आपल्याकडे हा विषय फार लवकर पोचला होता. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली आणि त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, त्यांनी हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली, ती त्याच्या लिहिण्याच्या टेबलावर असायची. युंग स्वतः १९३७-३८ मध्ये भारतात आला, मुंबईतही होता, आणि कोलकात्यात हगवणीने इस्पितळात पडला. फ्रॉइड-युंगच्या भांडणावर बोस यांचं मत काय होतं, यावर कुणी नाटक लिहावं. तिसरी घंटा, घ्या मनावर.

---

तिसरी घंटा

निर्माता आणा, लगेच घेतो.

---

ढगफुटी

सगळे युंगला झोडपताय, म्हणून एक प्रश्न. फ्रॉइड किती सरळ होता? सिनेमात युंग त्याला स्वतःचं स्वप्न सांगायला म्हणतो आणि तो नकार देतो, कारण त्यातून त्याचा अधिकार जाईल. हेही खरं घडलेलं आहे, युंगने तसं लिहून ठेवलंय. ‘मन मोकळं करा’ असं जगाला सांगणारा माणूस बरोबरीच्या माणसापुढे गप्प होतो. मी तर म्हणेन युंग तिथेच तुटला.

आणि म्युनिकला १९१२ मध्ये जेवणानंतर इजिप्तच्या फेअरोची चर्चा चालू असताना, बापाचं नाव पुसणाऱ्या मुलाचा विषय निघाला आणि फ्रॉइड चक्कर येऊन पडला, हेही खरं. मॉर्टेन्सनने ते इतकं साधं केलंय की नाटकी वाटत नाही.

---

अबोली७७

ढगफुटी, इथे मात्र पूर्ण सहमत. स्वप्न सांगायला नकार हा या सिनेमातला मला सर्वांत आवडलेला क्षण आहे. म्हणूनच तर चिडचिड होते. दोन पुरुषांमधलं सगळं इतकं बारीक, इतकं खरं, आणि तिसऱ्या टोकाला असलेली बाई मात्र दोघांच्या भांडणाचं कारण म्हणून.

---

ढगफुटी

सिनेमा ९९ मिनिटांचा आहे हो. सगळं कसं मावणार.

---

अबोली७७

मग कमी पुरुष मावले असते. :)

---

झुरिकचा बाळ्या

संगीताचं कुणी काढलं नाही म्हणून : हॉवर्ड शोरने जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ‘झीगफ्रीड’ या ऑपेरावरून बांधलंय. नुसती सजावट नाही ती. युंगपासून झीगफ्रीड नावाचा मुलगा व्हावा, आर्य आणि ज्यू यांना जोडणारा, असं स्वप्न साबिना बघायची. आणि वॅग्नर स्वतः ज्यूंबद्दल काय काय विखारी लिहून गेला ते सर्वांना ठाऊक आहे. तिला तेच संगीत प्रिय. परत बघणार असाल तर कान उघडे ठेवून बघा.

---

सावळ्या

जुना धागा वर काढतोय. काल रात्री पाहिला आणि शोधत इथे आलो.

वर सगळे १९१३ पर्यंतच बोललेत, कारण सिनेमाही तिथेच थांबतो आणि पुढचं सगळं पाट्यांवर उरकतो. पुढचं असं आहे. तिने १९१२ मध्ये रोस्तोव्हच्याच पावेल शेफ्टेल या डॉक्टराशी लग्न केलं, १९१३ च्या डिसेंबरात मोठी मुलगी रेनाटा झाली. सिनेमातल्या शेवटच्या भेटीत पोटात आहे तीच. नंतर जिनिव्हात रूसो इन्स्टिट्यूटमध्ये काम. तिथे १९२१ मध्ये ज्याँ पियाजे तिच्याकडे विश्लेषणाला जायचा, रोज सकाळी, आठ महिने. होय, तोच पियाजे, ज्याच्या बालविकासाच्या पायऱ्या आपल्याकडे बी.एड.ला घोकतात. मुलाच्या तोंडी ‘बाबा’, ‘आई’ हे पहिले शब्द कसे येतात यावर तेव्हा ती लिहीत होती. स्तनपान करताना ओठांच्या हालचालीतून हे आवाज निघतात, असा तिचा धागा. मूल कसं विचार करतं या विषयावर ती पियाजेच्या ऐन उमेदीच्या काळात त्याच्या समोर, खरं तर पाठीमागे, बसलेली होती. आणि पियाजेच्या पुस्तकाबरोबर तिचं नाव किती जणांनी ऐकलंय?

१९२३ मध्ये रशियात परतली. आधी मॉस्को, मग रोस्तोव्ह. मग तिथे मनोविश्लेषणावरच बंदी आली. तिन्ही भाऊ स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले. नवरा १९३७ मध्ये गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींच्या एस.एस. पथकाने रोस्तोव्हच्या ज्यूंना शहराबाहेरच्या झ्मियोव्हस्काया बाल्का या घळीत नेऊन मारलं. त्यांत ती आणि रेनाटा आणि एव्हा या तिच्या मुली होत्या.

आणि हे सगळं आपल्याला कळलं कसं? १९७७ मध्ये जिनिव्हाच्या पॅले विल्सन या इमारतीच्या तळघरात तिच्या डायऱ्या आणि फ्रॉइड, युंग यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार असलेली पेटी सापडली, म्हणून. तोवर ती त्या एका तळटिपेत होती.

ढगफुटींचा ‘९९ मिनिटांत मावत नाही’ हा मुद्दा वाचला. प्रश्न मिनिटांचा नाहीच. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे लेखकाने ठरवलं. युंगपाशी सुरू, युंगपाशी बंद. तिच्या आयुष्याच्या तीसेक वर्षांवर पाटी.

---

गोगलगाय

सावळ्या, धन्यवाद. पियाजेचं मलाही शिकत असताना कुणी सांगितलं नव्हतं.

---

लिमलेट

बरं, ज्यांनी सिनेमा पाहिलाच नाही त्यांनी यातून काय करायचं? पाहायचा की नाही?

---

अबोली७७

पाहायचा. पण एलिझाबेथ मार्टोनने २००२ मध्ये साबिनावर माहितीपट केलाय, तिच्या डायऱ्या आणि पत्रांवरून. तो आधी मिळवा. मग हा पाहा, मॉर्टेन्सनसाठी आणि एमासाठी. आणि जबड्यावर परत वाद घालायला इथे या, गोगलगायने मला अजून पुरतं पटवलेलं नाही.